१९. जावयाने चालू करून दिलेले फोन

जलालभाईंच्या दहा बोटांपैकी नऊ बोटं मशीनने नाकारली.

आर्णीच्या बसस्टँडमागे शंकरसिंगचं मोबाइलचं दुकान होतं. काउंटरवर काडेपेटीएवढं यंत्र, त्याच्या काचेत लाल उजेड. जलालभाईंनी उजवा अंगठा टेकवला, डावा टेकवला, मग एकेक बोट, आणि दर वेळी शंकरसिंगने चक् करून मान हलवली. चाळीस वर्षं विहिरींवरच्या मोटारींचं वाइंडिंग केलेले हात ते. तांब्याची तार ओढून आणि वार्निश पुसून बोटांवरच्या रेषा कधी गेल्या, ते त्यांनाही कळलं नव्हतं. कळायचं कारणही नव्हतं म्हणा. आर्णी तालुक्यात जलाल मेकॅनिकला ओळखायला त्यांच्या बोटांची गरज कुणाला पडली नव्हती.

"चाचा, मशीन म्हणते तुम्ही जलाल नाहीच," शंकरसिंग म्हणाला.

"मी जलाल नाही, त तुह्या बापाच्या मोटरा इतके वर्सं कोणं भरल्या बे?"

"मले कायले सांगता? हिले सांगा." त्याने यंत्राकडे बोट केलं.

शेजारी कशफ उभी होती. एरवी बापाच्या अशा बोलण्यावर ती आधी हसली असती. आज तिने काउंटरची कड घट्ट धरली होती. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत वेळ होता. अमरावतीच्या कॉलेजात तिला बी.एड.ची जागा लागली होती आणि ती जागा संगणकावर जाऊन कबूल करायची होती. एवढंच काम, पण त्या कामाच्या दाराला एकावर एक तीन कुलपं होती. प्रवेशाच्या साइटचा पासवर्ड तनवीरने बदलून टाकला होता. नवा मागवला तर तो तिच्या मेलवर येणार होता. मेलचा पासवर्डही तनवीरकडेच होता. तो नवा मागवला तर ओटीपीचा आकडा एका जुन्या नंबरवर येणार होता, आणि त्या नंबरचं सिम तनवीरच्या खिशात होतं.

तनवीर हा चार वर्षं तिचा नवरा होता. खुला, म्हणजे बायकोने मागून घेतलेला तलाक, होऊन आता पाच महिने झाले होते. चार वडीलधाऱ्यांसमोर कपाट परत आलं, पितळी भांडी आली, शिलाई मशीन आली, तिचे कपडे गाठोडं बांधून आले. सिमची आठवण कुणालाच झाली नाही. मुलीला माहेरचा फोन द्यायचा, त्यात बापाच्या नावाचं सिम घालून द्यायचं, अशी या घराची रीत. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात तनवीरने ते काढून स्वतःच्या फोनात घातलं आणि बायकोला नवीन आणून दिलं. किती काळजी घेतो, असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

मागच्या वर्षीही तिला जागा लागली होती, यवतमाळला. ती कबूल करायला बसली तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं, उमेदवाराने स्वतः ही जागा नाकारली आहे. यंदा नाकारायचीही गरज नव्हती, उद्या पाचपर्यंत दार बंद राहिलं की जागा आपोआप जाणार होती.

"अब्बा, डावी करंगळी राह्यली," कशफ म्हणाली.

"करंगळीचं काय घेऊन बसली?"

"तुम्ही तार गुंडाळता तवा ती करंगळी वर धरता. लहानपणापासून पाह्यलं मी. तिले तार लागतच नाही."

जलालभाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. चाळीस वर्षांत हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी करंगळी टेकवली. यंत्र क्षणभर विचारात पडलं आणि हिरवं झालं.

"जय सेवालाल!" शंकरसिंग ओरडलाच. मग सिमचं पाकीट फोडता फोडता म्हणाला, "आता ऐका. नंबर तोच, हे चालू झालं की तिकडचं बंद. पण नवं सिम घेतलं की एक दिवस मेसेज येत नाही. लोकं दुसऱ्याचं सिम काढून फसवतात, म्हणून नियम हाये. उद्या दोन-अडीचनंतर येतीन."

"अन् तवरक त्याले समजन ना, सिम बंद पडलं म्हणून?" जलालभाईंनी विचारलं.

"बंद पडलं की लगेच समजन," कशफ म्हणाली.

घरी येताना स्कूटीवर ती पुढे आणि बाप मागे बसला होता. जलालभाई सारखे आपल्या डाव्या करंगळीकडे पाहत होते. या पोरीने आणखी काय काय पाहून ठेवलंय, असं त्यांना वाटत होतं, आणि थोडी भीतीही वाटत होती.

•

दुसऱ्या दिवशी दुपारी हलीमाबी जुहरची नमाज पढून उठल्या आणि पाहतात तर पुढच्या खोलीत शादाब बूट न काढता उभा. त्यांचा थोरला. मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान भर दुपारी सोडून तो कधी घरी येत नसे.

"कशफ कुठे हाये?"

"हे काय, तुह्या समोर. आधी बूट काढ."

कशफ सतरंजीवर बसली होती. पुढ्यात वहीचा एक कागद आणि त्यावर एकाखाली एक लिहिलेली कामं. बोरी अरबच्या सुरभीने, तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने, चार वर्षांनी पहिल्यांदाच केलेल्या फोनवर घाईघाईत सांगितलेली. तोही फोन कशफने शेजारच्या सोनीबाईंच्या घरी जाऊन केला होता. ज्या फोनवर संशय आहे त्याच फोनवरून बेत करू नको, असं सुरभीने पहिलंच वाक्य सांगितलं होतं.

"तनवीरचा फोन आलता," शादाब म्हणाला. "म्हणते, सिम काहून बंद केलं? मले त माहीतच नाही. अन् म्हणते, कशफले अमरावतीले जागा लागली, मुबारक हो. मी या घरात राह्यतो, मले पत्ता नाही. त्याले पांढरकवड्यात बसून कसं समजलं? तू बोलते न त्याच्यासंग? बोलत असशीन त सरळ सांग. मी रविवारी चार माणसं बसवतो. अजून काही बिघडलं नाही."

हे स्थळ शादाबनेच आणलं होतं. तनवीर त्याचा दोस्त. लग्न मोडलं तेव्हा बहिणीचा संसार गेला याहून आपला शब्द गेला याचं दुःख त्याला जास्त झालं होतं, आणि हे त्याने बायकोपाशी कबूलही केलं होतं.

"मी त्याच्याशी पाच महिन्यांत एक शब्द नाही बोलली, भाई," कशफ म्हणाली. "जागेचं मी फक्त अब्बाले अन् अम्मीले सांगितलं."

सगळ्यांच्या नजरा हलीमाबींकडे वळल्या.

"मी कोणाले सांगतलं? कोणालेच नाही." मग त्यांना आठवलं. "पुसदच्या आपाले सांगतलं फक्त. तेही फोन नाही केला. आवाज भरून पाठवला. माही सगी बहीण हाये ते, ते कायले सांगन त्याले?"

"अम्मी, तुमचा फोन द्या."

हलीमाबींनी कमरेचा फोन काढून दिला. तीन वर्षांपूर्वी ईदला जावयाने तो चालू करून दिला होता. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. तनवीर तसा नव्हता, उलट फार कामाचा होता, आणि तीच तर गोम होती. पांढरकवड्याला त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर. सासरी आला की तो पाय लांब करून बसत नसे. अम्मीचा फोन, अब्बाचा फोन, शादाबच्या दुकानाचा फोन, सगळे समोर मांडून घ्यायचा आणि शिरखुर्मा खात खात एकेक चालू करून द्यायचा. सगळ्यांना एकच पासवर्ड, जलाल आणि पुढे दुकान सुरू केल्याचं साल, म्हणजे कुणी विसरायला नको. मोहल्ल्यात हलीमाबी सांगत फिरायच्या की माझ्या जावयाने अख्खं घर ऑनलाइन करून दिलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या आणि वर त्याला शिरखुर्माही वाढला.

कशफने फोनात दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि थांबली.

"इथे पाहा. तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठे चालू आहे ते इथे दिसते. एक कॉम्प्युटर. शेवटचं पाह्यलं आज, एक वाजून बारा मिनिटं."

"आपल्या घरी कॉम्प्युटर कुठे हाये?" हलीमाबींनी विचारलं.

उत्तर त्यांचं त्यांना मिळालं, आणि त्या कशफशेजारी सतरंजीवर बसल्या. तीन वर्षं. बहिणीला पाठवलेलं प्रत्येक बोलणं. कशफचं पहिलं पोट पडलं तेव्हा रडत रडत भरलेला आवाज. पोरीला परत पाठवू की नको, अल्लाह मला अक्कल दे, असं बहिणीपाशी मागितलेलं. ते सगळं त्याने सेंटरच्या खुर्चीवर बसून ऐकलं होतं.

"माहे दुआसुद्धा ऐकल्या का व त्यानं?" त्या म्हणाल्या. तो आवाज ऐकून शादाबने मान खाली घातली.

"असं एकदम कोणावर आळ घेऊ नका," तो म्हणाला, पण जोर नव्हता. "चालू करून देताना राह्यलं असंन."

"मग तुमचा पाहू," कशफ म्हणाली.

शादाबने फोन दिला नाही. स्वतःच उघडला, कशफने सांगितलं तिथे बोट लावलं. तिथेही तोच कॉम्प्युटर होता. आज, एक वाजून चौदा मिनिटं. म्हणजे अम्मीचं पाहून झाल्यावर दोन मिनिटांनी.

दारात नुजहत उभी होती, शादाबची बायको. ती या घरात कमी बोलत असे, कारण तिचं बोलणं एकदा फार महाग पडलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या त्याच ईदला तनवीरने तिचाही फोन मागितला होता. तिने दिला नाही. माझ्या फोनात माझ्या बहिणींचे फोटो आहेत, परक्या माणसाच्या हातात देणार नाही, असं भर बैठकीत म्हणाली. जावयाचा अपमान! शादाब महिनाभर तिच्याशी धड बोलला नव्हता. हलीमाबींनी तर तिच्या माहेरी निरोप धाडला होता की पोरीला रीतभात शिकवा.

नुजहत आत आली आणि तिने आपला फोन कशफच्या पुढ्यात ठेवला.

"याले त्याचा हात नाही लागला कधी. यावरून करा."

हलीमाबींनी सुनेकडे पाहिलं. त्यांनी नुजहतचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवलं आणि तो हात सोडलाच नाही.

•

दोन वाजून चाळीस मिनिटांनी जुन्या नंबरवर पहिला मेसेज आला. कंपनीचाच होता, पण घरात असा गलका झाला जसा चंद्र दिसला.

"गप बसा," कशफ म्हणाली, आणि सगळे गप्प बसले. जलालभाईसुद्धा. ते दुकान बंद करून आले होते आणि भिंतीला टेकून बसले होते.

तिने नुजहतच्या फोनवर मेल उघडायला घेतलं. पासवर्ड विसरला, असं दाबलं. आकडा पाठवतो, असं उत्तर आलं. नवं सिम घातलेल्या साध्या फोनकडे पाच जण पाहत राहिले. आकडा आला. शादाबने तो वाचला, दोनदा. तिकडे तनवीरही बसला असेल, त्याच्यासमोरही हेच चालू असेल, याची सगळ्यांना जाणीव होती.

"नवा पासवर्ड टाक म्हणते," कशफ म्हणाली.

"लवकर टाक, काही पण टाक," शादाब तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "पुसद टाक. पुसद अन् तुही जन्मतारीख."

तिने तेच टाकलं. मेल उघडलं.

"आता हाकल त्याले," जलालभाई म्हणाले. "पहिले हाकल."

"नाही अब्बा. पहिले फोटो." ती यादी उघडत होती, कुठे कुठे हे मेल चालू आहे त्याची. "आत्ता हाकललं त उद्या पोलिसात म्हणन, मी नव्हतोच. ते सगळं पुसलं जाईन."

जलालभाई चपापले. जळालेली कॉइल आधी शेतकऱ्याला दाखवायची, मगच कापायची, नाहीतर तो म्हणणार माझी मोटार चांगली होती. आयुष्यभर पाळलेला नियम त्यांचाच. पोरीला त्यांनी तो कधी शिकवला नव्हता. शिकवला होता तो शादाबला, आणि त्याने तो ऐकून सोडून दिला होता.

यादी खाली खाली जातच होती. पांढरकवड्याचा कॉम्प्युटर. तनवीरचा फोन. आणखी एक फोन. प्रत्येकापुढे तारखा. कशफ एकेक तारखेचा फोटो काढत गेली आणि काही तारखा तिने ओळखल्या. बकरी ईद. नुजहतच्या पोराचा अकीका, त्याचं जावळ उतरवलं तो दिवस. खुल्याच्या कागदावर सह्या झाल्या ती दुपार. सही करून बाहेर आल्यावर तो मशिदीच्या कट्ट्यावर बसून फोन पाहत होता, हे तिला आता आठवलं. तेव्हा तिला त्याची कीव आली होती. बिचारा कुठे पाहावं ते सुचत नाही म्हणून फोन पाहतो, असं वाटलं होतं.

शेवटचा फोटो झाल्यावर तिने सगळे एकदम बंद केले. यादीत एकच नाव उरलं, नुजहतच्या फोनचं.

कागदावरचं पुढचं काम होतं ते तिने जवळजवळ सोडूनच दिलं होतं. मेल परस्पर दुसरीकडे जातात का ते बघ, असं सुरभीने सांगितलं होतं. कशाला जातील, तिला कोण मेल पाठवतं? चार वर्षांत कुणी पाठवलं नव्हतं. लग्न झालं की मैत्रिणी विसरतात, हे तिने मान्य केलं होतं. तरी तिने पाहिलं.

मेल जात होते. काही ठरावीक माणसांचं काहीही आलं तरी आधी तनवीरकडे, आणि इकडे समोर न येता बाजूच्या एका कप्प्यात. तिने तो कप्पा उघडला. दोनशे चौदा मेल.

सुरभी, सुरभी, सुरभी. वाढदिवसाला. रमजानला. "तू रागावलीस का?" "निदान एवढं कळव की बरी आहेस." दारव्ह्याच्या एका शाळेचं मुलाखतीचं पत्र, दोन वर्षांपूर्वीचं. जीवशास्त्राच्या देशपांडे मॅडमचं, निवृत्त होताना लिहिलेलं, "माझी प्रयोगशाळेची पुस्तकं तुला द्यायची आहेत, कधी येतेस?" प्रत्येक मेल उघडून वाचलेलं होतं, फक्त तिने नाही.

"काय झालं व?" नुजहतने विचारलं.

"लोकं मले बोलवून राह्यले होते भाभी," कशफ म्हणाली. "चार वर्षं बोलवून राह्यले होते. मले वाटे, मी कोणालेच आठवत नाही."

आणि मग ती रडली. खुला झाला त्या दिवशी रडली नव्हती ती. तिला दुःख होत नव्हतं असं नाही, पण त्याहून मोठं काहीतरी होत होतं. इतकी माणसं आहेत, जिवंत आहेत, वाट पाहत होती, या गोष्टीने तिची छाती भरून आली होती आणि एवढं सगळं कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं. हलीमाबी पुढे सरकल्या, पण नुजहतने त्यांचा हात दाबला.

•

साडेतीन वाजले होते. कशफने ओढणीने तोंड पुसलं, मेल तनवीरकडे जायच्या त्या वाटेचा फोटो काढला आणि ती बंद केली.

"आता मी पासवर्ड पुन्हा बदलते," ती म्हणाली. "हा तुम्ही सगळ्यांनी पाह्यला."

"मग?" शादाबला खरंच कळलं नाही. "आम्ही कोणी परके हाओत का? मीच त सांगितला."

"म्हणूनच बदलते, भाई."

"म्हणजे माह्यावर भरवसा नाही तुहा."

"तुमच्यावर आहे. पण त्यानं उद्या गोड बोलून विचारलं त तुम्ही सांगसान. तुम्हाले वाटन, बहिणीचं भलं होते. मागच्या वर्षी माझा फॉर्म नंबर कोणं सांगितला होता त्याले?"

शादाबचा चेहरा पडला. हे तिला माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हतं. आणि माहीत असून वर्षभर ती एक शब्द बोलली नव्हती.

हलीमाबी काकुळतीला आल्या. "मले तरी सांगून ठेव बेटा. उद्या विसरली त? घरात एकाले तरी माहीत पाहिजे. आपल्या घरात कधी कोणी कोणापासून काही लपवलं का?"

हे खरंच होतं. या घरात कपाटाला कुलूप नव्हतं. आलेलं पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाई. शादाबचं लग्नाआधीचं एक प्रेमसुद्धा अख्ख्या घराने मिळून मोडलं होतं. लपवणं म्हणजे काहीतरी काळंबेरं, एवढंच इथे ठाऊक होतं. कशफ हातात फोन घेऊन बसून राहिली. आईला नाही म्हणणं तिला तनवीरला नाही म्हणण्याहून जड जात होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

जलालभाईंनी ते पाहिलं. पोरीने करंगळी ओळखली, फोटो आधी काढले, भावाची चूक वर्षभर पोटात ठेवली, आणि आता आईच्या एका विनवणीपुढे तिचा हात थांबला होता. सव्वीस वर्षं जिला आपण ओळखतो असं त्यांना वाटत होतं ती मुलगी ही नव्हती. ही कुणीतरी मोठी होती. आपल्या हाताने असं काही घडलं, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.

ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. वळले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"शादाबचे अब्बा, हे काय करून राह्यले?"

"तिले लिहू दे," ते भिंतीकडे पाहतच म्हणाले. "तिचं हाये ते. आपल्याले नाही पाहायचं. तुम्हीही फिरा."

पहिली नुजहत फिरली. मग हलीमाबी, तोंडाने काहीतरी पुटपुटत. शादाब सगळ्यात शेवटी. खोलीत चार पाठी आणि मध्ये कशफ.

जलालभाईंना फक्त बोटांचे आवाज ऐकू येत होते. टक, टक, टक. बराच लांब होता पासवर्ड. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि लगेच थांबले. मोजणंही बरोबर नाही, असं त्यांना वाटलं. आपल्याच घरात, आपल्याच पोरीकडे असं काहीतरी आहे जे आपल्याला कधीच कळणार नाही, ही गोष्ट त्यांनी जन्मात पहिल्यांदा अनुभवली. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण ईदच्या नमाजला हजारो माणसं एकदम गप्प होतात तेव्हा जसं वाटतं, तसं त्यांना वाटत होतं.

"झालं," कशफ म्हणाली. "आता पाहा."

पुढचं काम सोपं होतं. साइटने नवा पासवर्ड मेलवर पाठवला, आणि तो तिच्याच मेलवर आला. तिने आत जाऊन जागा कबूल केली. चार वाजून सहा मिनिटांनी पडद्यावर तिचं पूर्ण नाव आलं, त्याखाली कॉलेजचं नाव, त्याखाली हिरव्या अक्षरांत एक ओळ. नुजहतने ती मोठ्याने वाचली. हलीमाबींनी पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा जलालभाईंनी स्वतः वाचली, एकेका अक्षरावर बोट ठेवून.

•

चहा होतच होता तेव्हा शादाबचा फोन वाजला. पडद्यावर तनवीरचं नाव. शादाब अंगणात जायला उठला, मग थांबला आणि तिथेच सगळ्यांमध्ये बसून त्याने आवाज मोठा केला.

"शादाबभाई, कशफचं मेल बंद पडलं वाटते," तनवीरचा आवाज नेहमीसारखाच होता, गोड आणि घाई नसलेला. "तिनं काहीतरी गडबड केली असंन. तिले जमत नाही हे, तुम्हाले माहीत हाये. जागा हातची जाईन बिचारीची. नवा पासवर्ड काय टाकला ते पाठवा ना, मी इथून पाच मिनिटांत नीट करून देतो."

किती आपुलकीचं बोलणं! कालपर्यंत शादाब या आवाजावर विश्वास ठेवत होता. मागच्या वर्षी याच आवाजाने फॉर्म नंबर मागितला होता. त्याने कशफकडे पाहिलं. ती कपात बशीचा चहा परत ओतत होती आणि त्याच्याकडे पाहत नव्हती. तो काय बोलतो यावर तिने काहीच अवलंबून ठेवलं नव्हतं, तशी गरज तिने उरूच दिली नव्हती.

"मले नाही माहीत," शादाब म्हणाला.

"अब्बाले विचारा मग."

"त्यायलेही नाही माहीत."

"अम्मीले सांगितला असंन."

"नाही."

मग तनवीर हसला, पण ते हसू त्याला नीट जमलं नाही. "असं कसं होईन यार? तुमच्या घरातली गोष्ट हाये. कोणाले तरी माहीत असंनच ना?"

"हाये ना," शादाब म्हणाला. "कशफले."